ताण आणि बाक: वाकलेली नेक दुरुस्त करताना

चार तारांच्या बेस गिटारला नेहमीच्या जाडीच्या तारा लावून सुरात आणल्या की त्या मिळून ७५ ते ८० किलोंच्या आसपास ताण देतात. हा ताण वाजवण्यापुरता नसतो. बेस खोक्यात बंद असली, वर्षानुवर्षं तिला कुणी हात लावला नसला, तरी तारा ओढतच असतात. ही ओढ झेलायला असते दोन-सव्वादोन सेंटिमीटर जाडीची एक लाकडी नेक. त्यात तारा तिच्या पोटातून जात नाहीत, पृष्ठभागापासून काही मिलिमीटर वरून जातात. त्यामुळे नेक नुसती दाबली जात नाही, वाकतेही. जुन्या बेसची नेक वाकते यात नवल काहीच नाही. बहुतेक नेक पन्नास-साठ वर्षं कामापुरत्या सरळ राहतात, नवल त्याचं वाटायला हवं.

कामापुरत्या सरळ म्हणायचं, कारण नेक पट्टीसारखी सरळ असणं वादकालाही नको असतं. कंप पावणारी तार मधल्या भागात सर्वांत मोठा झोका घेते. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते, पण तिचा झोका डोळ्यांना दिसेल इतका रुंद असतो. नेक अगदी सरळ असेल तर ही तार मधल्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, आपटून खरखरते. म्हणून नेकला तारांच्या बाजूने किंचित खोलगट बाक लागतो. तारांचा पुरा ताण असताना नेक नेमकी किती वाकलेली राहावी हे आधी ठरवायचं आणि ती तिथे टिकेल अशी व्यवस्था करायची, असं हे दुरुस्तीचं काम आहे.

चौतीस इंचांचा हिशेब

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन इथून १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. तोवर बेसचं काम माणसाहून उंच डबल बेसवर चाले. फेंडरनी गळ्यात अडकवता येईल असं वाद्य केलं, त्याला फ्रेट दिले आणि नट ते ब्रिज, म्हणजे तारेच्या दोन टोकांच्या आधारांमधलं, अंतर ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर ठेवलं. त्यांच्याच टेलिकास्टर गिटारमध्ये हे अंतर साडेपंचवीस इंच आहे. बेस लांबीला एक तृतीयांशाने जास्त भरते. पण बाकाचं गणित लांबीच्या वर्गाने चालतं. लाकूड तेच, जाडी तीच आणि ताण तोच धरला, तरी लांबी एक तृतीयांशाने वाढली की बाक पावणेदोनपट होतो. त्यात बेसच्या चार जाड तारांचा ताण साध्या गिटारच्या सहा हलक्या तारांच्या दीडपटीहून अधिक. गिटारची नेक जे दोष पोटात घालते ते बेसची नेक चव्हाट्यावर आणते.

उपाय मात्र फेंडरच्या आधीच सापडलेला होता. गिब्सन कंपनीतले थॅडियस मॅकह्यू यांना नेकच्या आत बसवायच्या, पान्याने आवळता येणाऱ्या पोलादी सळीचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. तोच ट्रस रॉड. फेंडरच्या १९५० मधल्या अगदी सुरुवातीच्या एस्क्वायर गिटारमध्ये रॉड नव्हता. कठीण मेपल एकट्याने निभावून नेईल असा भरवसा होता. तो भरवसा वर्षभरही टिकला नाही. प्रिसिजन बेसला रॉड पहिल्यापासून आहे. अखंड मेपलच्या त्या नेकला पाठीमागून खाच पाडून रॉड आत सोडत आणि वरून अक्रोडाच्या लाकडाची पट्टी चिकटवत. जुन्या फेंडरच्या नेकच्या पाठीवर जी गडद रेघ दिसते ती हीच पट्टी.

रॉडची करामत तो वाकडा बसवण्यात आहे. त्याची खाच दोन्ही टोकांना फ्रेट बसवलेल्या बाजूच्या, म्हणजे फ्रेटबोर्डच्या, जवळ असते आणि मध्यभागी पाठीकडे खोल जाते. टोकाची चाकी आवळली की रॉड ताणला जाऊन सरळ व्हायला बघतो आणि नेकचा मधला भाग वर, तारांच्या दिशेला, ढकलतो. तारा नेकची टोकं वर ओढतात, रॉड मध्य वर उचलतो, आणि दोघांत जिथे बरोबरी होते तो नेकचा आकार. एक मर्यादा ध्यानात ठेवायची: या जुन्या प्रकारच्या रॉडचं बळ एकाच दिशेने चालतं. नेक मागे वाकली असेल तर चाकी सैल करता येते, त्याहून जास्त मदत हा रॉड करू शकत नाही. दोन्ही दिशांनी काम करणारे रॉड पुढे आले, पण जुन्या बेसमध्ये ते सहसा नसतात.

तीन दशांश मिलिमीटरचा मामला

लाकडावर सतत भार राहिला तर ते हळूहळू त्या भाराखालच्या आकारात मुरतं. भार काढला की बाकाचा काही भाग तत्क्षणी जातो, काही एक-दोन दिवसांत ओसरतो आणि काही कायमचा मुक्कामाला राहतो. हवेतल्या ओलाव्याची चढउतार होत असेल तर हे मुरणं कितीतरी वेगाने होतं. आपल्याकडे ही चढउतार भरपूर. मुंबईच्या जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. अशा हवेत उघडं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या १६-१७ टक्के पाणी धरून बसतं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता तीस टक्क्यांच्या खाली जाते आणि तेच लाकूड सहा टक्क्यांच्या आसपास येऊ पाहतं. वातानुकूलित स्टुडिओत वाजणारी आणि लोकलने घरी परतणारी बेस तर एकाच दिवसात दोन ऋतू बघते.

इथे एक शंका रास्त आहे. लाकूड फुगतं ते आडवं. पावसाळ्यात दारं अडकतात ती त्यामुळेच. धाग्यांच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. ताजं ओलं लाकूड पूर्ण वाळवलं तरी लांबीत फरक पडतो ०.१ ते ०.२ टक्के. नेकचे धागे तर लांबीनेच जातात. मग ओलावा तिला वाकवतो कसा?

थोडं गणित करून पाहू. प्रिसिजनच्या नटपासून विसाव्या फ्रेटपर्यंत साधारण ५९० मिलिमीटर अंतर असतं. नेकची जाडी २२ मिलिमीटर धरू. मध्यभागी १ मिलिमीटर बाक येण्यासाठी नेकच्या पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागांच्या लांबीत किती फरक पडावा लागतो? अवघा ०.३ मिलिमीटर, म्हणजे ०.०५ टक्के. एक बाजू दुसरीपेक्षा एवढीशी आखडली की वादकाला बेस नकोशी व्हायला तेवढं पुरतं. आणि नेकच्या दोन बाजू सारख्या वागतच नाहीत. फेंडरने १९५९ पासून प्रिसिजनच्या मेपल नेकवर रोझवुडचा फ्रेटबोर्ड चिकटवायला सुरुवात केली. त्या नेकची पाठ लॅकरखाली बंद असते, रोझवुडची बाजू मात्र उघडी. दोन वेगळी लाकडं, त्यातलं एक श्वास घेणारं आणि दुसरं झाकलेलं.

हा ०.३ मिलिमीटरचा आकडा लक्षात असू द्या. पुढचा प्रत्येक उपाय याच एवढ्या फरकाची भरपाई करत असतो.

आधी नजर, मग फीलर गेज

नेक तपासायची ती तारा सुरात असताना. उतरवलेल्या तारांनी केलेलं मोजमाप म्हणजे रिकाम्या पुलाची परीक्षा.

पहिलं काम नजरेचं. बेस आडवी धरून बॉडीच्या टोकाकडून नेकच्या कडेवर एक डोळा लावायचा. आधी जाड तारेच्या बाजूची कड बघायची, मग बारीक तारेच्या बाजूची. दोन्ही कडा सारख्याच वाकलेल्या असतील तर तो साधा बाक. एक कड सरळ आणि दुसरी वाकलेली असेल तर नेकला पीळ पडला आहे. बाक आणि पीळ यांतला हा फरक सर्वांत आधी ओळखायचा, कारण रॉड बाकावर चालतो, पिळावर त्याचं काही चालत नाही.

दुसरं काम मोजण्याचं, आणि त्यासाठी लागणारी सरळ पट्टी बेसवर आयतीच असते: ताणलेली तार. जाड तार पहिल्या फ्रेटवर कॅपोच्या चिमट्याने दाबायची, शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबायची. दोन टोकांमधली तार आता सरळ रेषा झाली. आठव्या फ्रेटच्या डोक्यावर फीलर गेजचं एकेक पान तारेखाली सरकवून बघायचं. ज्या पानाने तार हलत नाही पण पान अडखळतं, तो आपला आकडा. जुन्या फेंडर बेसचा फ्रेटबोर्ड सव्वासात इंच त्रिज्येचा गोलसर असतो आणि त्यासाठी कंपनी ०.०१४ इंच, म्हणजे सुमारे ०.३५ मिलिमीटर अंतर सांगते. फीलर गेज नसेल तर साधं व्हिजिटिंग कार्ड अंदाजाला चालतं. एकावर एक चार-पाच कार्डं तारेखालून बिनधास्त जात असतील तर नेक नक्की बिघडली आहे.

आता तारा उतरवायच्या, रॉडची चाकी सैल करायची आणि नेकला एक दिवस विसावा द्यायचा. दुसऱ्या दिवशी लोखंडी सरळपट्टी ठेवून पुन्हा मोजायचं. जो बाक गेला तो तारांचा होता; तो रॉड सांभाळेल. जो राहिला तो लाकडात मुरलेला.

आणखी एक दोष बाकाच्या वेषात येतो. नेक बाराव्या-चौदाव्या फ्रेटपर्यंत ठीक असते आणि तिथून पुढे, बॉडीत स्क्रूने जखडलेल्या भागात, फ्रेटबोर्ड वर उचललेला असतो. रॉडचा जोर तिथपर्यंत पोचत नाही. अशा नेकवर रॉड आवळत राहिलं तर मधला भाग मागे वाकतो आणि शेपटीचा उठाव जागच्या जागी राहतो. नेकच्या बुडाशी कागदी पाचर सारून तारा खाली आणण्याचा शॉर्टकट पुष्कळ जण घेतात. पाचरीने नेकचा कोन बदलतो, आकार बदलत नाही. हा उठाव रंध्याने किंवा सँडपेपरनेच जातो.

चाकी आणि शिकंजा

जुन्या प्रिसिजनची चाकी नेकच्या बुडाशी, बॉडीच्या खोबणीत दडलेली असते. तिथे पोचायचं तर तारा सैल करून चार स्क्रू काढायचे आणि नेक वेगळी करायची. चाकीच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच दिसेल. चाळीस-पन्नास वर्षांचा घाम, मेण आणि लाकडाचा भुसा त्या खाचेत बसलेला असतो. तो दाभणाने कोरून काढल्याशिवाय पेचकस लावायचा नाही. खाच एकदा झिजली की सोपं काम महागात जातं.

यानंतर आवळायची घाई होते, पण आधी चाकी सोडायची. ती पूर्ण बाहेर काढून आटे पुसायचे, ग्रीसचा बारीक ठिपका लावायचा आणि पुन्हा बसवायची. यातून एक गोष्ट लगेच कळते. चाकी आट्यांच्या अखेरीला पोचलेली असेल तर इतके दिवस ती रॉडला ताण न देता नुसतीच अडलेली होती. दोन-तीन वॉशर घातले की तिला पुन्हा जागा मिळते. मेलेला समजून सोडून दिलेला रॉड कधीकधी एवढ्यानेच कामाला लागतो.

आवळायचं ते पाव फेरा. मग नेक जोडायची, तारा सुरात आणायच्या, मोजायचं, आणि पुन्हा काढायची. कंटाळवाणं काम आहे, पण रॉड तुटला तर तो बदलण्यासाठी फ्रेटबोर्ड किंवा पाठीची पट्टी उकलावी लागते, हे आठवलं की कंटाळा जातो.

बाक मोठा असेल तर तो चाकीच्या जोरावर काढायचाच नाही. सळईला जो जोर लावावा लागतो तो आट्यांवर आणि चाकीखालच्या लाकडावर येतो. लाकूड चेपतं किंवा आटे जातात. नेक आधी बाहेरून सरळ करायची आणि त्या स्थितीत चाकी हाताला लागेल इतकीच आवळायची. रॉडने धरून ठेवायचं, उचलायचं काम शिकंज्याचं. रिकनबॅकरच्या १९६१ मध्ये आलेल्या ४००१ बेसमध्ये शेजारी शेजारी दोन रॉड असतात. त्यांच्या जुन्या बनावटीत हा नियम न पाळता नुसत्या पान्याने नेक सरळ करायला घेतली तर फ्रेटबोर्ड नेकपासून सुटू शकतो.

शिकंजा लावण्याची रीत साधी आहे. पोलादी चौकोनी नळी किंवा जाड, सरळ सागवानी तुळई नेकच्या लांबीने फ्रेटबोर्डवर आडवी ठेवायची. पहिल्या फ्रेटपाशी आणि शेवटच्या फ्रेटपाशी तुळईखाली लाकडी ठोकळे, ठोकळ्यांखाली चामडं किंवा फेल्ट. मध्यभागी शिकंजा घालून नेक तुळईकडे ओढायची. टोकं खाली रेटली जातात, मध्य वर येतो. नेक सरळ रेषेच्या थोडी पलीकडे, उलट्या बाकात, न्यावी लागते, कारण सोडल्यावर ती काही अंशी परत येणारच.

नुसत्या शिकंज्याने लाकूड मानत नाही तेव्हा ऊब द्यायची वेळ येते. ऊब दोन ठिकाणी काम करते. लाकडाचे धागे बांधून ठेवणारं लिग्निन उष्णतेने आणि ओलाव्याने मऊ पडतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फ्रेटबोर्ड आणि नेक यांमधला गोंद सैलावतो. जुना सरस असो की सुताराचा नेहमीचा पिवळा गोंद, साठ-सत्तर अंशांच्या पुढे दोघेही ढिले पडू लागतात. शिकंज्यात उलटी वाकवलेली नेक या तापमानाच्या वर नेली की फ्रेटबोर्ड आणि नेक एकमेकांवरून अगदी किंचित घसरतात आणि थंड होताना नव्या जागी चिकटतात. तेच आपले ०.३ मिलिमीटर. दुरुस्ती करणारे यासाठी नेकच्या आकाराची तापणारी पट्टी किंवा दिवे वापरतात, फ्रेटबोर्ड सावकाश तापवतात आणि नेक शिकंज्यातच रात्रभर निवू देतात.

यातूनच या उपायाच्या मर्यादाही कळतात. अखंड मेपलच्या नेकमध्ये घसरायला गोंदाचा थरच नसतो, म्हणून तिथे उबेचा गुण कमी येतो. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर उष्णतेने चिकट होतं, त्यावर फोड येतात. प्लॅस्टिकचे ठिपके आणि कडेची पट्टी आकसते. आणि सगळं नीट पार पडलं तरी तारांची ओढ काही महिन्यांत थोडा बाक परत आणू शकते. उबेने सरळ केलेल्या नेकबद्दल जन्माची हमी कुणी देत असेल तर दुसरा कारागीर शोधावा.

फ्रेटच्या पाचरी

इथवरचे उपाय असे होते की चुकले तर बहुतेक वेळा मागे फिरता येतं. आता लाकडाला हात लावायचा आहे.

फ्रेट म्हणजे धातूची पट्टी; तिचा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पाय फ्रेटबोर्डच्या खाचेत ठोकलेला असतो. पाय खाचेपेक्षा किंचित जाड असेल तर तो पाचरीसारखा खाच रुंदावतो. एका फ्रेटने काही होत नाही. वीस फ्रेट मात्र मिळून फ्रेटबोर्डची लांबी वाढवतात आणि नेक मागे रेटली जाते. आपल्या हिशेबाने १ मिलिमीटर बाक काढायला ०.३ मिलिमीटर हवेत. वीस खाचांत वाटले तर दर खाचेला ०.०१५ मिलिमीटर. माणसाच्या केसाची जाडीसुद्धा याच्या चार-पाच पट असते. प्रत्यक्षात काही रुंदी लाकूड चेपून वाया जाते, म्हणून थोडा जाड पाय निवडतात. उलटही घडतं: कधीकाळी कुणी फ्रेट बदलताना खाचा मोकळ्या करून ठेवल्या असतील तर ती नेक नुसत्या त्या कारणाने पुढे झुकलेली असते. असं निदान झालं तर रॉडशी झुंजण्यात अर्थ नाही, फ्रेट नीट बसवले की बाक जातो.

पीळ, शेपटीचा उठाव किंवा इंग्रजी एससारखी नागमोडी नेक असेल तर फ्रेट काढून फ्रेटबोर्ड तासण्याला पर्याय राहत नाही. इथे पुन्हा सुरुवातीचाच पेच येतो. तासायचं तर तारा काढायला हव्यात, आणि तारा काढल्या की नेकचा आकार बदलतो. टेबलावर आरशासारखा तासलेला फ्रेटबोर्ड तारा चढवल्यावर पुन्हा वाकडा. अमेरिकी कारागीर डॅन अर्लवाइन यांनी यावर चौकट काढली. वाद्य सुरात असतानाच तिचे आधार आणि डायल गेज नेकच्या पाठीला लावून ठेवायचे, मग तारा काढायच्या आणि गेजवरचे आकडे पूर्ववत होईपर्यंत नेक चौकटीत ओढून धरायची. तारा नसतात, पण नेकला त्या आहेत असंच वाटत राहतं. त्या अवस्थेत तासलं की तारा चढल्यावर आकार जसाच्या तसा राहतो.

कुठे थांबायचं

डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीसाठी साठच्या दशकात शेकडो ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन १९६२ ची एक प्रिसिजन वापरत. तिच्यावर ला बेला कंपनीच्या सपाट गुंडाळीच्या जाड तारा होत्या, आणि तुटल्याखेरीज ते त्या बदलत नसत. पुढे तिची नेक इतकी वाकली की दुसऱ्यांना ती वाजवणं अशक्य वाटे. जेमर्सन यांचं मत होतं की त्यामुळे आवाज सुधारतो. बाक मोजता येतो, पण दोष ठरतो तो वाजवणाऱ्या हातावरून. वादक जोरात खेचून वाजवणारा असेल तर ०.६ मिलिमीटर बाकही त्याला सुखाचा जातो. हलक्या बोटांच्या वादकाला ०.४ मध्येच तारा उंच वाटतात. म्हणून दुरुस्तीआधी मालकाला बेस हातात देऊन पाच मिनिटं वाजवायला लावणं हेसुद्धा निदानच आहे.

कधीकधी हलक्या तारा लावणं हीच पुरेशी दुरुस्ती असते. उरलेला बाक लाकडात मुरलेला असला तरी ओढ घटली की रॉडला तो आवरता येतो. वाद्य मौल्यवान असेल तर मूळ नेक सुखरूप बाजूला ठेवून नवी जोडणं हाही मार्ग आहे. फेंडरची नेक चार स्क्रूंवर बसते, त्यामुळे हा बदल परतवता येतो. गोंदाने जोडलेल्या नेकला ती सोय नाही.

दुरुस्त झालेली बेस घरी नेणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो: वाजवायची नसेल तेव्हा तारा उतरवून ठेव. सल्ला अर्धाच बरोबर आहे. तारा सैल आणि रॉड आवळलेला राहिला तर रॉडला रोखणारं कुणी उरत नाही आणि नेक मागे वाकते. मागचा बाक या जुन्या रॉडच्या आवाक्याबाहेरचा. रोज-आठवड्याला वाजणारी बेस सुरातच ठेवावी. महिनोन्‌महिने बंद ठेवायची असेल तर तारा दोन-तीन सूर उतरवाव्या आणि चाकीही त्याच बेताने सैल करावी. आणि आठव्या फ्रेटचं मोजमाप वर्षातून दोनदा, एकदा भर मे महिन्यात आणि एकदा श्रावणात, खोक्याच्या झाकणाच्या आत लिहून ठेवावं. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की ऋतूने येणारा-जाणारा बाक कोणता आणि मुरत चाललेला कोणता हे त्यातून कळतं, आणि पान्याला हात घालायचा की नाही तेही.